बांधावे आणि हात काढून घ्यावा

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षाचा जमाखर्च आणि विभागवार अहवाल आपल्या हाती आहेतच. त्यांतील आकडे पुन्हा वाचून दाखवून आपला वेळ घेत नाही. आज आम्हांला एका ठरावाविषयी बोलायचे आहे, आणि तो ठराव ज्या विचारातून आला तो विचार आधी आपल्यापुढे ठेवायचा आहे.

धर्मादाय रुग्णालयांच्या अहवालात पहिल्या एक-दोन पानांवर ‘ईश्वरी प्रेरणा’ हे शब्द हटकून भेटतात. आपल्याही जुन्या अहवालांत ते आहेत. शब्द खोटे नाहीत, पण निसरडे आहेत. मनात आलेली प्रत्येक मोठी इच्छा देवाने पाठविली असे मानण्याचा मोह माणसाला होतो. त्यात आपली हौस किती, चढाओढ किती आणि परमेश्वराचा हात किती, हे निवडणे कठीण असते. आम्हांला स्वतःला दोन कसोट्या पटतात. त्या स्वप्नाने माणसाला अंग मोडून कामाला लावले काय, ही पहिली. ते काम उभे राहिल्यावर त्यावरचा आपला हात त्याला काढून घेता आला काय, ही दुसरी. पहिल्या कसोटीला उतरणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्या कसोटीपाशी भले भले अडखळतात.

या दोन्ही कसोट्यांना पुरा उतरलेला एक पुरुष आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला, आणि त्याचा रुग्णसेवेशी असलेला संबंध आपण बहुधा विसरतो. श्रीसंत गाडगेबाबांविषयी आम्ही बोलत आहोत.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी यांचा संसार दारूने बुडाला, आणि लहानगा डेबू मामांकडे मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे वाढला. तेथे त्याने गुरे राखली, शेती कसली, आणि अडाणी कुळाच्या हातची जमीन सावकाराच्या वहीतून कशी निसटते हे डोळ्यांदेखत पाहिले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे शिवलेले वस्त्र, हातात खराटा आणि डोक्यावर मातीचे गाडगे. जेवायचे त्याच गाडग्यात आणि पाणी प्यायचे तेही त्यातूनच. गावात शिरले की कोणाशी न बोलता आधी रस्ते झाडावयाचे, आणि रात्री त्याच स्वच्छ केलेल्या जागेवर कीर्तनाला उभे राहावयाचे, हा त्यांचा क्रम. नवस, पशुबळी, अस्पृश्यता, दारू आणि ऋण काढून केलेले सण यांच्यावर ते कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून विचारून घाव घालीत.

इतके आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक असते. राज्य शासनाच्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव मिळाल्यापासून तर खराटा आणि बाबा यांची जोडी इतकी पक्की झाली आहे की त्यांच्या कार्याचा दुसरा अर्धा भाग झाकला गेला. हा फाटका माणूस आपल्या काळातील एक मोठा बांधकाम करणारा होता. पूर्णा नदीवर ऋणमोचन येथे त्यांनी घाट बांधविला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या. सदावर्ते, गोरक्षण, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली. पंढरपुरात ज्यांना अस्पृश्य म्हणून कोणी ओसरीवर उभे करीत नसे, त्या वारकऱ्यांसाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. आणि आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची गोष्ट अशी की मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी १९५४ मध्ये त्यांनी धर्मशाळा उभी केली. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते.

रुग्णासाठी खाट हवी हे कोणालाही समजते. त्या खाटेशेजारी जो उभा आहे त्याला पाठ टेकायला जागा हवी, हे समजायला परक्या गावात रस्त्यावर झोपलेला माणूस लागला. पुढे त्यांच्याच नावाने दादर येथे चालणाऱ्या धर्मशाळेने टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारांसाठी येणाऱ्या किती कुटुंबांना आसरा दिला, हे त्या वाटेने गेलेल्यांना विचारावे.

आता दुसऱ्या कसोटीकडे येऊ. एवढ्या वास्तू ज्याच्या शब्दाने उभ्या राहिल्या, त्याने त्यांपैकी एकही आपली मानली नाही. आपल्या पत्नीला किंवा मुलांना धर्मशाळांच्या सोयीचा लाभ घेऊ दिला नाही. १९५२ मध्ये सर्व संस्थांचा कारभार एका न्यासाकडे सोपविताना आपल्या नात्यागोत्यांतील कोणाचा तेथे हक्क राहू नये, हा त्यांचा आग्रह होता. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत; म्हणजे गादीही ठेवली नाही. चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आपण कष्टाने उभी केलेली वास्तू दुसऱ्याच्या हाती अधिक उपयोगी पडेल असे दिसताच ती देऊन टाकणे, हे संस्था चालविणाऱ्यांना किती अवघड जाते ते आम्ही जाणतो. बहुतेक संस्था मोडकळीस येतात, पण शेजारच्या संस्थेच्या हवाली होत नाहीत.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. मागे मालमत्ता म्हणून सांगण्यासारखे काही नव्हते. आम्हांला आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. आपल्या स्वप्नात देव आला आणि त्याने आज्ञा केली, अशा तऱ्हेचा दावा या पुरुषाच्या तोंडी आपल्याला भेटत नाही. देव कोठे आहे असे विचारले तर ते भुकेल्याकडे, उघड्याकडे, रोग्याकडे बोट दाखवीत.

यावर कोणी विचारील की, मग विश्वस्तांनी सर्वच सोडून द्यावे काय? येथे आम्हांला तुकोबांच्या चरित्रातील एक प्रसंग फार उपयोगी वाटतो. वडिलोपार्जित सावकारीची खतपत्रे तुकोबांनी इंद्रायणीत बुडविली, एवढेच आपण सांगतो. चरित्रात त्यापुढचा तपशील आहे. धाकट्या भावाने, कान्होबाने, आपली वाटणी मागितली; तेव्हा त्याच्या हिश्श्याची खते तुकोबांनी त्याला देऊन टाकली आणि केवळ आपल्या वाट्याची नदीत सोडली. जे आपले त्याचाच त्याग करता येतो. दुसऱ्याच्या वाट्यावर उदार होणे हा त्याग होत नाही. संस्थेची जमीन, ठेवी, यंत्रसामग्री यांपैकी काहीच विश्वस्तांचे नाही. ते ज्यांच्यासाठी दिले गेले त्या रुग्णांचे आहे, आणि आम्ही त्याचे राखणदार आहोत. ते उधळण्याचा अधिकार आम्हांला नाही. न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही, ही कायद्यातील तरतूद कित्येकांना जाचक वाटते. आम्हांला ती फार शहाणपणाची वाटत आली आहे.

मग विश्वस्ताजवळ सोडण्याजोगे असते काय? ते पैशापेक्षा चिवट असते. भिंतीवरचे आपले नाव, आपल्या मुलाची पुढची खुर्ची, आणि ‘ही इमारत आमच्या कारकिर्दीत झाली’ असे म्हणण्याचे समाधान. आजचा ठराव या तीन गोष्टींशी निगडित आहे.

बाह्यरुग्ण विभागाच्या मागे विहिरीपर्यंत जी मोकळी जागा आहे, तेथे विशेष खोल्यांची इमारत बांधावी, अशी योजना गेली काही वर्षे मंडळापुढे होती. तिचे नकाशेही तयार झाले होते. ती योजना हलक्या हेतूने मांडली गेली नव्हती, हे आम्ही आवर्जून सांगतो. विशेष खोल्यांच्या उत्पन्नावर सर्वसाधारण कक्षाचा तोटा भरून निघतो, हा हिशेब बरोबर आहे आणि उद्याही बरोबर राहील. तरीही ती जागा रुग्णांच्या नातेवाइकांच्या धर्मशाळेसाठी द्यावी, असा निर्णय मंडळाने घेतला आहे.

त्याचे कारण आपल्या परिचारिका आम्हांला अनेक वर्षे सांगत आल्या आहेत. खेड्यातून एक रुग्ण येतो तेव्हा त्याच्यासोबत दोघे-तिघे येतात. एकाला आत थांबण्याचा पास मिळतो. बाकीचे जिन्याच्या वळणावर, व्हरांड्यात, पावसाळ्यात सायकलींच्या छपराखाली पडून असतात. घरून आणलेल्या भाकरी दुसऱ्या दिवशी संपतात. कुंपणाच्या जाळीवर लुगडी वाळत घातलेली दिसली की पहारेकरी ओरडतो. त्यालाही तसे सांगितलेले असते. बाईमाणसाला रात्री अंग धुवायला आडोसा नसतो. बुडणारी मजुरी तर सर्वांचीच. पाचव्या-सहाव्या दिवशी घरचे कर्ते माणूस कक्षात येते आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत’ अशा कागदावर अंगठा उमटवून अर्धवट बऱ्या झालेल्या रुग्णाला घेऊन जाते. आमचे शल्यचिकित्सक सांगतात की टाके सुकण्याआधी गेलेला असा रुग्ण पुष्कळदा परत येतो तो पू भरलेली जखम घेऊन, आणि काही परत येतच नाहीत. औषध होते, डॉक्टर होते, खाटही होती. सोबतच्या माणसाला थांबणे झेपले नाही, एवढेच.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये धर्मादाय रुग्णालयांसाठी जी योजना घालून दिली, तीप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. ही योजना चांगली आहे आणि तिचे पालन हे आपले कर्तव्य आहे. परंतु ती खाटेपाशी संपते. खाटेखाली अंथरलेली सतरंजी तिच्यात येत नाही. तेथपर्यंत जायचे तर कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता जावे लागेल.

धर्मशाळा अगदी साधी असेल. पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र दालने, न्हाणीघरे, कपडे वाळविण्यासाठी गच्ची, आणि स्वतःचा स्वयंपाक करता येईल अशा चुलींची सोय असलेली ओवरी. जेवण विकत देण्यापेक्षा शिजविण्याची सोय करावी, अशी सूचना सेवकवर्गातून आली आणि आम्हांला ती तत्काळ पटली. आपल्या हातची भाकरी रुग्णाला भरविण्यात माणसाला जो धीर येतो तो उपाहारगृहाच्या थाळीत नाही. मुक्कामाचे शुल्क घेतले जाणार नाही. दालने झाडण्याचे काम तेथे राहणाऱ्यांनी पाळीपाळीने करावे, असा नियम मात्र राहील, आणि महिन्यातून एक सकाळ विश्वस्तांचीही पाळी असेल. काही सभासदांना यात दिखाऊपणा वाटला. तो तसा होऊ नये म्हणून त्या दिवशी छायाचित्रकाराला बोलावू नये, असे आम्ही कार्यालयाला आताच सांगून ठेवले आहे.

बांधकामाच्या निधीसाठी ठेवींना हात लावला जाणार नाही. त्या औषधांसाठी व यंत्रांच्या दुरुस्तीसाठी आहेत. निधी वेगळा जमवायचा आहे. या निधीला देणगी देणाऱ्यांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या लावल्या जाणार नाहीत. पावती मिळेल, अहवालातील यादीत नाव येईल, भिंतीवर येणार नाही. यामुळे निधी मंदावेल असा इशारा कोषाध्यक्षांनी दिला आहे आणि तो आम्ही गंभीरपणे घेतला आहे. तथापि ज्या कुटुंबाने ही जागा संस्थेला दिली, त्यांनीच मंडळाला पत्र लिहून वडिलांचे नाव इमारतीला देऊ नये असे कळविले. ते पत्र वाचल्यानंतर पाट्यांविषयी बैठकीत फारसे बोलणे झाले नाही.

राहिला खुर्चीचा प्रश्न. आपल्या न्यासपत्रात संस्थापक कुटुंबांतील एकेका व्यक्तीने वंशपरंपरेने विश्वस्त व्हावे, अशी तरतूद आहे. ती घालणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता. संस्था परक्या हाती जाऊन बुडू नये, अशी त्यांची काळजी होती. त्या कुटुंबांतील आजच्या विश्वस्तांनी हा हक्क सोडण्याची लेखी संमती दिली आहे. त्यांच्या मुलाबाळांना सेवेची आवड असेल तर त्यांनी इतरांप्रमाणे सभासद होऊन, काम करून, निवडून यावे. न्यासपत्रातील हा बदल योग्य त्या अर्जासह धर्मादाय आयुक्तांपुढे ठेवावा लागेल आणि त्यास काही काळ लागेल.

एका विश्वस्तांनी बैठकीत विचारले की, विशेष खोल्यांचे उत्पन्न गेल्यावर पाच वर्षांनी सर्वसाधारण कक्ष आपल्याला परवडेल काय? याचे खात्रीचे उत्तर आज मंडळाजवळ नाही. जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील खोल्या दुरुस्त करून काही उत्पन्न वाढविता येईल. औषधखरेदी एकत्रित केल्यास थोडी बचत होईल. उरलेली तूट दरवर्षी आपल्या दारी येऊन मागावी लागेल. गाडगेबाबा घरोघर मागत असत, आणि मागितलेल्यातले स्वतःसाठी भाकरीपलीकडे ठेवीत नसत. मागण्यास मंडळाची तयारी आहे.

ठरावाचे तीन भाग आपल्याला दिलेल्या कागदावर छापले आहेत: जागेचा विनियोग, पाट्यांविषयीचा नियम आणि न्यासपत्रातील दुरुस्ती. तिन्हींवर स्वतंत्र मत घ्यावे, असे मंडळाने ठरविले आहे. एखाद्यास पहिला मान्य आणि तिसरा अमान्य असू शकेल. ज्यांना विरोधात बोलायचे असेल त्यांनी आधी बोलावे, अशी अध्यक्ष महोदयांना विनंती करून आम्ही ठराव सभेपुढे ठेवीत आहोत.