‘जहाजवाले देतील की!’

९ जून २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात ‘वान हाय ५०३’ या मालवाहू जहाजावर स्फोट झाला आणि पाठोपाठ आग भडकली. जहाज कोलंबोहून निघाले होते आणि आपल्या न्हावा शेवाला येत होते. बावीस खलाशांपैकी अठरा वाचले, चौघे बेपत्ता झाले. जहाजावर दीड हजाराहून जास्त कंटेनर होते. काही समुद्रात पडले, पुष्कळसे जळाले. धुमसते जहाज किनाऱ्यापासून लांब ओढून नेताना तटरक्षक दलाची आणि नौदलाची दमछाक झाली.

न्हावा शेवाला उतरणारा माल भिवंडीच्या गोदामांत जातो, चाकणच्या कारखान्यांत जातो, मशीद बंदरच्या पेढ्यांवर जातो. अशी बातमी आली की या सगळ्या ठिकाणी एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘जहाजवाले देतील की!’ भाडे मोजून घेतले, माल ताब्यात घेतला, कागद दिला. आता तो पोचवणे त्यांचे काम आणि बुडाला तर भरून देणेही त्यांचेच. बाजारातल्या साध्या व्यवहाराला धरून हे म्हणणे अगदी रास्त आहे. फक्त समुद्राचा कायदा तसा नाही.

जहाज कंपनी आणि मालधनी यांच्यातला सौदा १९२४ साली ब्रसेल्समध्ये ठरला. ‘हेग नियम’ म्हणून ते कलम-पुराण जगभर गेले आणि १९२५ साली आपल्याकडेही त्यावर बेतलेला कायदा आला. तो शंभर वर्षे टिकला. २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला, पण गाभा जुनाच ठेवला. जहाज निघण्यापूर्वी ते समुद्रात जाण्याजोगे आहे याची योग्य ती काळजी कंपनीने घ्यायची, माल नीट चढवायचा, नीट सांभाळायचा. त्याबदल्यात तिला सुटकेच्या वाटांची लांबलचक यादी मिळाली. समुद्राचे संकट, युद्ध, संप, मालाचा अंगभूत दोष, कच्चे पॅकिंग हे तर त्यात आहेच. आगही आहे, कंपनीचा स्वतःचा दोष मालधन्याने दाखवून दिला तरच ती अडकते. आणि या यादीतले सर्वांत नवलाचे कलम म्हणजे कप्तानाची किंवा खलाशांची जहाज हाकण्यातली चूक. कप्तानाला डुलकी लागली आणि जहाज खडकावर चढले, तर त्याची नोकरी जाईल, पण मालधन्याला त्या कारणासाठी एक रुपयाही मिळेल असे नाही.

मुंबईकरांना हे लांबचे वाटायला नको. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशीच ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ एका कुशीवर कलंडले, शेकडो कंटेनर पाण्यात घसरले आणि मुंबई व जवाहरलाल नेहरू अशा दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तेव्हा ना वादळ होते ना युद्ध. दोन जहाजे, एक अरुंद वाट आणि माणसांच्या चुका, एवढेच होते.

बरे, कंपनीची जबाबदारी सिद्ध झालीच, तरी भरपाई मालाच्या किमतीएवढी मिळते असे नाही. तिला कायद्याने मर्यादा घातलेली आहे: दर नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा दर किलोमागे २ एसडीआर, यांतली जी रक्कम जास्त भरेल ती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबापुरते चलन. २०२५ च्या भावाने नगामागे पाऊण लाखाच्या आसपास आणि किलोमागे सव्वादोनशे-अडीचशे रुपये होतात. लोखंडी सळ्या पाठवणाऱ्याचे यात भागेल. पण वीस किलोच्या खोक्यात दहा लाखांची औषधे असतील, तर उरलेले सव्वानऊ लाख कोणाचे? त्यातही एक मेख आहे. ‘नग’ म्हणजे काय, हे बहुधा जहाजाच्या पावतीवर, म्हणजे बिल ऑफ लेडिंगवर काय लिहिले आहे त्यावर ठरते. ‘४०० खोकी’ असे लिहिले असेल तर चारशे नग. घाईत कोणी नुसते ‘एक कंटेनर’ लिहून मोकळे झाले असेल, तर अख्खा कंटेनर हाच एक नग ठरण्याची वेळ येते. क्लिअरिंग एजंटाच्या टंकलेखनावर एवढी मोठी रक्कम लटकलेली असते, हे पुष्कळ निर्यातदारांना दावा लावायच्या दिवशी कळते.

इथवर गोष्ट आपला माल गेल्याची झाली. खरी कसोटी पुढे आहे: माल शाबूत आहे आणि तरीही पैसे भरायचे आहेत.

६ मार्च २०१८ रोजी ‘मर्स्क होनम’ हे तेव्हा नवेकोरे असलेले जहाज सिंगापूरहून सुएझकडे जाताना अरबी समुद्रात पेटले. पाच खलाशी दगावले. जहाजावर ७,८६० कंटेनर होते. पुढचा भाग जळून गेला, मागच्या भागातले हजारो कंटेनर मात्र जसेच्या तसे राहिले. त्या कंटेनरांचे मालक सुटलो म्हणून नि:श्वास टाकत असतील, तोवर त्यांना निरोप आला: माल हवा असेल तर जहाज वाचवणाऱ्यांच्या मोबदल्यापोटी मालाच्या किमतीच्या ४२.५ टक्के आणि सामायिक हानीच्या वर्गणीपोटी ११.५ टक्के हमी द्या. दोन्ही मिळून ५४ टक्के. दहा लाखांचा धड माल सोडवायला पाच लाख चाळीस हजारांची हमी! ज्यांचा विमा होता त्यांच्या वतीने विमा कंपन्यांनी हमीपत्रे लिहून दिली. ज्यांचा नव्हता त्यांच्यापुढे रोख रक्कम ठेवणे किंवा माल अडकू देणे, असे दोनच मार्ग उरले.

या ‘सामायिक हानी’ला, व्यापाऱ्यांच्या भाषेत ‘जनरल ॲव्हरेज’ला, फार जुना इतिहास आहे. भूमध्य समुद्रातल्या ऱ्होड्स बेटाच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम रोमन सम्राट जस्टिनियनच्या सहाव्या शतकातल्या कायदेसंग्रहात नोंदवलेला आहे. वादळात जहाज हलके करण्यासाठी कोणाचा माल समुद्रात फेकला, तर तो सगळ्यांसाठी फेकला. म्हणून ज्यांचा वाचला त्यांनी वर्गणी काढून त्याचे नुकसान भरायचे. न्यायाच्या दृष्टीने यात खोट काढता येत नाही. आजही ‘यॉर्क-अँटवर्प नियम’ या नावाने तो चालतो आणि वाचवण्यासाठी केलेला खर्च, तोडलेले सामान, आग विझवताना पाण्याने खराब झालेला माल, सारे त्यात धरले जाते. फरक एवढाच, की तेव्हा जहाजावर दहा-वीस व्यापारी असत आणि बरेचदा ते स्वतःच जहाजावर असत. आता एका जहाजावर हजारो मालधनी, अनेक देशांतले, एकमेकांना न ओळखणारे. हिशेब लावणाऱ्या तज्ज्ञांना त्यांची वर्गणी काढायला वर्षे लागतात.

‘एव्हर गिव्हन’ आठवत असेल. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवे होऊन बसलेले, चारशे मीटर लांबीचे जहाज. त्यावरचे पंचवीसही कर्मचारी भारतीय होते. सहा दिवसांत ते निघाले आणि जगाने तो विषय सोडून दिला. पण त्यावरच्या सुमारे १८,३०० कंटेनरांची गोष्ट तिथे सुरू झाली. जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केले, कालवा प्राधिकरणाने भरपाईसाठी जहाज अडकवून ठेवले आणि ते हलले ७ जुलैला. एकाही कंटेनरला धक्का लागलेला नव्हता.

धोका वाटून घेण्याची बुद्धी काही युरोपातच उपजली असे नाही. लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात जहाजमालक आणि जोखीम घेणारे सावकार सतराव्या शतकाच्या अखेरीस जमू लागले, हे सगळे सांगतात. पण आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पेढ्यांत ‘जोखमी हुंडी’ चालत असे. माल पाठवणारा ती काढून सावकाराकडून आगाऊ पैसे घेई. जहाज मुक्कामी पोचले तर हुंडी वटायची, बुडाले तर सावकाराने नुकसान सोसायचे. कर्ज आणि विमा एकाच कागदावर! खुष्कीच्या मार्गावर हुंडेकरी होते. एकरकमी हुंडाभाडे ठरवून माल पोचवण्याचे आणि वाटेतली जकात भरण्याचे काम ते अंगावर घेत.

आजच्या खुष्कीच्या मार्गाची अवस्था बघा. ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिल्टीवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले असते. रस्ते वाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम यांनुसार, मालाची किंमत जाहीर करून जास्त जोखमीचे जादा भाडे भरले नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती असते. समजा, पंचवीस हजार भाड्याच्या ट्रकमध्ये वीस लाखांचे इलेक्ट्रिक सामान आहे आणि ट्रक कसारा घाटात उलटला. अडीच लाखांवर हिशेब संपतो. घाटात उलटलेल्या ट्रकमधला माल पोलीस पोचण्याआधी कसा गायब होतो, हे कोणाला सांगायला नको.

इथेच निर्यातदारांची आणखी एक समजूत तपासायला हवी. ‘आम्ही एफओबी विकतो, विमा परदेशातला गिऱ्हाईक उतरवतो.’ ठीक, पण एफओबीत जोखीम गिऱ्हाइकाकडे जाते ती माल जहाजावर चढल्यावर. नाशिकच्या पॅकहाउसपासून न्हावा शेवाच्या धक्क्यापर्यंतचा रस्ता, घाट, बंदराच्या यार्डातला मुक्काम, हा सारा विकणाऱ्याच्या माथी असतो. सीआयएफमध्ये, म्हणजे विमा आणि जहाजाचे भाडे किमतीतच धरलेल्या सौद्यात, विमा विकणारा उतरवतो, पण नियमाप्रमाणे त्याने किमान संरक्षण घेतले तरी चालते. किमान म्हणजे माल-विम्याची ‘क’ वर्गाची कलमे: आग, जहाज बुडणे, टक्कर, वाहन उलटणे असे मोठे अपघात. चोरी त्यात नाही. ‘अ’ वर्गाची कलमे बहुतेक सगळे धोके पोटात घेतात, तरी युद्ध आणि संप यांसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. एवढे करूनही साधारण मालाचा हप्ता सहसा किमतीच्या एका टक्क्याच्या आतच बसतो.

आता द्राक्षे. नोव्हेंबर २०२३ मध्ये हूथी बंडखोरांनी लाल समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पळवले आणि मग जहाजांवर क्षेपणास्त्रे पडू लागली. युरोपकडे जाणारी जहाजे सुएझ टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, आणि तेही नाशिक-सांगलीच्या द्राक्षांचा हंगाम तोंडावर असताना. शून्याच्या आसपास तापमान ठेवलेल्या कंटेनरात द्राक्षे काही आठवडे तग धरतात, अमर होत नाहीत. देठ सुकतो, मणी सुटतो आणि रॉटरडॅमला पोचेपर्यंत भाव पडतो. विमा होता का? अनेकांचा असेलही. पण उशिरामुळे झालेले नुकसान ‘अ’ वर्गाच्या कलमांतही वगळलेले आहे. उशिराचे कारण विम्यात बसणारे असले तरी वगळलेले आहे. कंटेनरचे यंत्र बंद पडून माल नासला, तर तशी खास कलमे घेतली असल्यास दावा होतो, आणि त्यासाठी तापमानाची नोंद ठेवणाऱ्या छोट्या यंत्राचा कागद लागतो. जहाज लांबून गेले म्हणून नासला, तर होत नाही. नाशवंत मालाच्या व्यापाऱ्याला विमा एजंटाने हे पहिल्या भेटीत सांगायला हवे. तो सहसा हप्ता सांगतो.

आणि वेळेचा मुद्दा फक्त समुद्रापुरता नाही. कंटेनर उघडल्यावर माल भिजलेला दिसला, तर सर्वेअर येईपर्यंत तो आहे तसा ठेवावा लागतो. बाहेरून न दिसणारे नुकसान ताबा घेतल्यापासून तीन दिवसांत जहाज कंपनीला लेखी कळवावे लागते. नाहीतर माल चांगल्या स्थितीत मिळाला असे गृहीत धरले जाते आणि उलटे सिद्ध करायचे ओझे मालधन्यावर येते. गोदामातला मुकादम ‘माल ठीक’ म्हणून सही ठोकतो, तीही पुढे आडवी येते. जहाज कंपनीवर दावा लावायची मुदत एक वर्षाची. विमा कंपनी मालधन्याला पैसे देऊन त्याच्या जागी उभी राहते आणि जहाज कंपनीकडून वसुली करायला जाते. मालधन्याच्या आळसाने ती मुदत टळली, तर विमा कंपनीची वसुलीची वाट बंद होते, आणि मग ती मालधन्याच्याच रकमेला कात्री लावायला बसते.