चौघांची चाल

१९८१ साली हाँगकाँगमध्ये गुरखा सैनिकांच्या सरावातून ‘ट्रेलवॉकर’ सुरू झालं. चौघांचा संघ, १०० किलोमीटर, ४८ तास. चाला किंवा पळा, आणि ऑक्सफॅमच्या गरिबी निवारणाच्या कामासाठी देणग्या जमवा. २०१२ मध्ये ते बंगळूरुला आलं.

मीही उतरलो. लाल मातीच्या वाटा, नारळाच्या बागा. दिवसा सगळं सुंदर. रात्री गुडघ्याने दगा दिला.

“तुम्ही व्हा पुढे,” मी म्हणालो.

आमच्यातला धाकटा म्हणाला, “काका, चौघं म्हणजे चौघं.”

तिघांनी माझ्या चालीने चालायला सुरुवात केली. उशिरा, पण चौघंही पोचलो.

देणगी मागताना मी म्हणायचो, “मागे राहिलेल्यांसाठी द्या.” मागे राहणं म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं.