कुडलची सहल आणि मराठीचा वर्ग
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळाने नव्या सुनांसाठी मराठीचा जो वर्ग चालविला आहे, त्याची हकीकत मी सांगावी असा आग्रह झाला. फळ्यापुढे उभे राहून बोलण्यातच माझे आयुष्य गेले. तेव्हा मध्येच मी कुणाला उभे करून प्रश्न विचारला, तर रागावू नये!

मंद्रूप हे दोन भाषांच्या उंबरठ्यावरचे गाव. विजापूरचा रस्ता आपल्यावरून जातो. भीमा ओलांडली की कर्नाटक. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या चुलीपाशी कानडी आणि बाजारात मराठी असा रिवाज आहे. त्यामुळे इंडीकडची सून इथे आली तर गावात ती अडत नाही. अडते ती सोलापुरात, बँकेत, दवाखान्यात. आणि मूल मराठी शाळेत जाऊ लागले की घरातल्या घरात, त्याच्या वहीपाशी.

अशाच एका सुनेचे मूल तापाने फणफणले होते. नवरा बाहेरगावी, म्हणून ती एकटीच सोलापूरला गेली. ताप कधीपासून आहे, असे डॉक्टरांनी विचारले. तिने दोन बोटे दाखविली. दोन तास की दोन दिवस, हे कुणाला कळेना. मूल बरे झाले, देवाची कृपा. पण दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ननग मराठी कलिस्रि." मला मराठी शिकवा.

आता मोठ्या बाईला भाषा शिकवायची कशी? तिच्यापुढे 'कमळ, बदक' ठेवणे म्हणजे तिचा अपमानच. तिला संसार कळतो, शेत कळते, माणसे कळतात. नाहीत ते फक्त शब्द. न्यू यॉर्क शहरात टेनेमेंट म्युझियम नावाचे एक संग्रहालय १९८८ साली निघाले. १८६३ सालच्या एका चाळवजा इमारतीत परदेशांतून आलेली गरीब कुटुंबे राहत असत. त्यांच्या खोल्याच तिथे जपल्या आहेत. नव्याने आलेली, इंग्रजी शिकणारी माणसे त्या खोल्यांतून हिंडतात आणि आपल्या घरची गोष्ट मोडक्या इंग्रजीत सांगतात. समोर चूल असली की चुलीवर बोलता येते. ही युक्ती मला फार पटली. आपल्याकडे एवढे संग्रहालय नाही. पण आपल्याकडे हत्तरसंग कुडल आहे!

सीना जिथे भीमेला मिळते तिथले संगमेश्वराचे देऊळ आपण सर्वांनी पाहिले आहे. तिथल्या तुळईवरचा शिलालेख सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा. मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. जो हा लेख वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्याच्या शेवटी आहे. नवी वाचायला शिकणारणीला याहून चांगला आशीर्वाद कुठला द्यायचा?

सहलीची आखणी मी मुद्दाम आखूड ठेवली. दिवसभरात फक्त तीन वस्तू पाहायच्या: तो शिलालेख, अनेक मुखांचे ते शिवलिंग आणि नद्यांचा संगम. माहिती देणारे भाषण कुणी करायचे नाही. प्रत्येकीला एकच विचारायचे, "काय दिसतं?" याचे उत्तर चुकत नाही. एकजण म्हणाली, "दगड." दुसरी, "मोठा दगड." तिसरी, "दगडावर लिहिलंय." झाले की वाक्य! लिंगावरची मुखे मोजता मोजता वर, खाली, मागे, पुढे हे शब्द आपोआप तोंडात बसले. लिंगावर तीनशे एकोणसाठ मुखे आहेत म्हणतात. आमची मोजणी दर वेळी निराळी आली आणि मराठीतले पहिले कडकडीत भांडण तिथेच झाले.

संगमावर मात्र गंमत झाली. कुडल म्हणजे काय, हे आम्हा मराठी बायकांना सांगता येईना. तीच दोन बोटे दाखविणारी सून पुढे झाली. कानडीत कूडू म्हणजे एकत्र येणे, मिळणे. त्यांच्याकडचा कूडलसंगम, जिथे मलप्रभा कृष्णेला मिळते, तोही तसाच, हे तिने अडखळत पण मराठीतच सांगितले. देवळात मराठीचा जुना लेख आणि गावाचे नाव कानडी. त्या दिवसापासून ती वर्गात मागच्या ओळीत बसली नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, सहलीत कानडी बोलणारीला दंड करावा, अशी सूचना आपल्याच मंडळात आली होती. मी तिला ठाम विरोध केला आणि आजही करते. आईची भाषा हिसकावून सासरची भाषा देता येत नाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कानडी, तमिळ आणि मराठी लेख शेजारी शेजारी कोरलेले आहेत. तिथे कुणी कुणाला दंड केलेला दिसत नाही. आमचा नियम साधा: शब्द अडला तर कानडीत सांगावा, शेजारणीने तो मराठीत द्यावा आणि घेणारीने तो पाठोपाठ वापरावा.

काही सासूबाईंनी कुरकुर केली. "सुनेला हिंडायला पाठवायचं होय?" मी म्हटले, काकू, तुम्हीही चला. चौघी आल्या. त्यांतल्या दोघींना वाचता येत नव्हते, हे आम्हाला तुळईखाली उभ्या असताना कळले. त्या आता वर्गाला येतात.

दुसरी सहल सोलापूरला डॉ. कोटणीसांच्या स्मारकात झाली. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा मुलगा १९३८ साली चीनला गेला, तिथली भाषा शिकला, तिथल्या रुग्णांची सेवा करीत १९४२ साली तिथेच वारला. आपल्या सोलापूरच्या डॉक्टरलाही परक्या मुलखात रुग्णाचे दुखणे समजून घेण्यासाठी नवी भाषा शिकावी लागली, हे ऐकून बायका बराच वेळ गप्प होत्या. परत आल्यावर आम्ही डॉक्टर आणि आई असा खेळ केला. "ताप कधीपासून?" "दोन दिवसांपासून. रात्री वाढतो." हे वाक्य आता वर्गातल्या प्रत्येकीला येते.

दिवाळीनंतर पुन्हा कुडलला जायचे आहे. एस. टी.चे भाडे मंडळ देईल, भाकरी ज्याची त्याने आणावी. नावे माझ्याकडे किंवा चिटणीसबाईंकडे द्यावीत; लहान मुले असतील तर तेही सांगावे, म्हणजे त्यांना सांभाळायला कोण थांबेल ते आधी ठरविता येईल.