उंबऱ्याचा आकडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. व्याख्यान देणे हे माझे काम नव्हे. परंतु कृष्णाकाठी नांदते आहे, पूर पाहिला आहे. तेव्हा बाईने बाईला सांगावे, तसे सांगते.

पावसाळा लागला की आपल्या सांगलीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो : "आयर्विन पुलाला किती फूट?" 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे लहान मुलांनाही पाठ आहे. मी विचारते, पुलाचा आकडा आपल्याला ठाऊक आहे; आपल्या उंबऱ्याचा किती जणींना ठाऊक आहे?

2019 साली आमच्या सासूबाई म्हणत, "2005 च्या पुरात पाणी आपल्या पायरीवरून परत गेले, आताही जाईल." गल्लीतल्या साऱ्या जुन्या माणसांचे तेच म्हणणे. फिरतीवर आलेला एक कर्मचारीही सांगून गेला, की तुमच्या गल्लीला भीती नाही. त्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेले. आमच्याकडे तर ते नदीच्या अंगाने आलेच नाही. मागच्या ओढ्याने आणि गटारीतून आले. त्या कर्मचाऱ्याला मी बोल लावीत नाही. त्याला पुलावरची पट्टी ठाऊक होती, आमचा ओढा ठाऊक नव्हता. तो आपणच ओळखायचा.

पाणी चढत असताना पुलाचा आकडा किती आणि पाणी कुठवर, हे मी कॅलेंडरवर टिपून ठेवले होते. पूर ओसरल्यावर यजमानांनी तेच आकडे दाराआडच्या भिंतीवर तेलरंगाने लिहिले. 48 ला ओढा गल्लीचे तोंड अडवतो. 52 ला पहिली पायरी भिजते. मग आम्ही ठरवले, की 45 झाले की म्हातारी माणसे, मुले आणि जनावरे हलवायची, आणि 48 च्या आत बाकीच्यांनी निघायचे. मग "बघू या अजून" म्हणायचे नाही.

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा 50 च्या वर गेले. 45 होताच आम्ही निघायची तयारी केली, तर सासूबाई हटून बसल्या : "देवांना टाकून मी येणार नाही." मी देव्हाऱ्यातले देव डब्यात घेतले आणि डबा त्यांच्या मांडीवर दिला. मग मात्र निमूट रिक्षात बसल्या. दिवसाउजेडी त्या आणि मुले मिरजेला नणंदेकडे पोचली.

त्याच रात्री गल्लीत ओरडा झाला, "धरण फुटले!" मी विचारले, कोणते धरण? कोणी सांगितले? केव्हा? एकालाही उत्तर देता येईना. जिल्ह्याच्या 1077 क्रमांकावर फोन लावला, तेव्हा ती अफवा निघाली. तोवर अंधारात धावताना दोघी पडून जायबंदी झाल्या होत्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते हेच.

पण न भिणे म्हणजे बसून राहणे नव्हे. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि बायकामुलांसह कितीतरी जीव गेले. वाट कोरडी असताना निघालेल्या माणसाला बोटीची वाट पाहावी लागत नाही.

तयारीला पैसा फार लागत नाही. रेशनकार्ड, आधार, घराचा उतारा आणि बँकेचे पुस्तक एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावे. रोजची औषधे पंधरा दिवसांची असावीत. बॅटरी, काडेपेटी, चटणी-भाकरी, शेंगदाणे-गूळ, तान्ह्या बाळाचे कपडे आणि आपल्या अडचणीच्या दिवसांचे सामान विसरू नये. चहूकडे पाणी असूनही नळ कोरडे पडतात, म्हणून पिण्याचे पाणी आधी भरावे. निघताना विजेचे मेन स्विच बंद करावे. सिलिंडर बंद करून साखळीने बांधावा, नाही तर तो तरंगत जातो. परतल्यावर पाणी उकळूनच प्यावे आणि चिखलात अनवाणी उतरू नये. मात्र भीतीपोटी दुकानातले सगळे तेल-मीठ एकटीनेच उचलू नये. शेजारणीचीही चूल आहे.

सरकारने वेळेवर सांगावे, हा आपला हक्कच आहे, आणि सांगितले तर ऐकावे. कराडला कोणी नातलग असेल तर त्यालाही विचारावे, कारण कोयनेचे पाणी तिथून पुढे आपल्याकडे येते. पण अखेरचा हिशेब आपल्या पायरीचा, आणि तो आपणच ठेवायचा.

माझी मंडळाला एक विनंती आहे. येत्या मृगाआधी गल्लीवार एक वही करावी. त्यात प्रत्येक घराचा आकडा, घरात अंथरुणाला खिळलेले कोण, दिवस गेलेली कोण, एकटी राहणारी कोण, हे लिहावे आणि तिला हाक मारायला कोणी जायचे तेही आताच ठरवावे. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.