कुलूप उघडणारा कारागीर

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहा हें तालुक्याचें गांव आहे. गांवाचें नांव ऐकतांच लोखंड आठवतें. हा योगायोग असो वा नसो, आजचा विषय मात्र लोखंडाचाच आहे. दाराचें कुलूप आणि तें किल्लीवांचून उघडणारा माणूस, या दोहोंविषयीं हें भाषण आहे.

याच तालुक्यांत माळेगांवीं मार्गशीर्षांत खंडोबाची यात्रा भरते. त्या दिवसांत आसपासचीं कितीतरी घरें कुलूपबंद असतात. एखादें कुटुंब रात्रीं यात्रेहून परततें. मुलें पेंगुळलेलीं, पिशव्यांना भंडारा लागलेला. आणि दाराशीं आल्यावर ध्यानांत येतें कीं किल्ली गर्दींत कोठें तरी पडली. आपल्याच घरापुढें परक्यासारखें उभें राहण्याची ती घटका मोठी चमत्कारिक असते. भरवशाचें म्हणून चार पैसे अधिक मोजून आणलेलें कुलूप आतां धन्यालाच ओळखीत नाहीं!

जुन्या वाड्यांत हा प्रसंग क्वचितच येई. दाराला आंतून अडसर असे आणि घरांत कोणी ना कोणी वडीलधारें माणूस सदैव असे. सगळें कुटुंब एकदम बाहेर पडूं लागलें, तेव्हां माणसाचें काम कुलुपाकडे आलें.

अशा वेळीं बोलावलेला जाणता किल्लीवाला आल्याबरोबर अवजारांची पेटी उघडीत नाहीं. घर कोणाचें, शेजारीं ओळख देणारें कोणी आहे काय, हें तो आधीं विचारतो. मग दार हालवून पाहतो. पुष्कळदां दाराला कुलूप लागलेलेंच नसतें. वाऱ्यानें दार लोटलें जाऊन नुसती खिटी बसलेली असते आणि घाबरलेल्या मंडळींनीं तें पाहिलेलें नसतें. खरोखरच कुलूप लागलेलें असेल तर त्याची विद्या सुरू होते.

आपल्याकडील बहुतेक जाड कुलुपांत पोलादी किंवा पितळी पट्ट्या एकावर एक बसविलेल्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक पट्टीला एक खांच असते. किल्लीच्या दांत्यांनीं सर्व पट्ट्या नेमक्या उंचीवर उचलल्या म्हणजे सगळ्या खांचा एका रेषेंत येतात आणि आंतील खुंटी त्यांतून सरकते. पट्टी केसभर कमी उचलली तरी अडते, अधिक उचलली तरी अडते. एका पट्टीला पांच निरनिराळ्या उंची देतां येतात असें धरलें, तर सहा पट्ट्यांच्या कुलुपाला 15,625 निरनिराळ्या किल्ल्या संभवतात. सात पट्ट्यांना 78,125. हा हिशेब ऐकून गृहस्थ निश्चिंत होतो. किल्लीवाला मात्र इतक्या किल्ल्या लावून पाहत बसत नाहीं. तो कोऱ्या किल्लीवर दिव्याची काजळी धरतो, ती आंत घालून हलकेच फिरवितो आणि बाहेर काढून काजळी कोठें पुसली गेली तें पाहतो. तेथें कानस मारतो, पुन्हां काजळी धरतो. कुलूप स्वतःच आपली किल्ली त्याला थोडी थोडी सांगत जातें.

हें कां शक्य होतें? मनुष्याच्या हातून झालेल्या कोणत्याही दोन पट्ट्या हुबेहूब सारख्या नसतात म्हणून. खुंटीवर किंचित् दाब दिला कीं सगळ्या पट्ट्या एकदम अडत नाहींत. एक आधीं अडते, मग दुसरी. हा सूक्ष्म फरक ज्याच्या बोटांना कळला त्याला कुलूप उघडलें.

1851 सालीं लंडनच्या महाप्रदर्शनांत या गोष्टीचा मोठा बोभाटा झाला. जोसेफ ब्रामा याच्या पेढीनें एक कुलूप खिडकींत मांडून, तें उघडणारास दोनशें गिन्या देऊं, अशी पाटी लावली होती. सुमारें साठ वर्षें तें कोणास उघडलें नव्हतें. अमेरिकन कारागीर हॉब्ज यानें सोळा दिवसांत मिळून 51 तास खपून तें उघडलें. चब यांचें प्रसिद्ध कुलूप तर त्यानें अर्ध्या तासाच्या आंतच उघडून दाखविलें. लोक चिडले, असलीं गुह्यें चारचौघांत सांगूं नयेत, असें म्हणूं लागले. हॉब्जच्या पक्षाचें म्हणणें असें कीं चोरांना हें आधींच ठाऊक असतें. अज्ञानांत राहतो तो घरधनी. हें म्हणणें कडू खरें, पण खरें. त्या फजितीनंतर कुलुपें सुधारलीं, हें विसरतां येत नाहीं.

आपल्याकडे हा उद्योग नांवारूपास आणला तो अर्देशीर गोदरेज यांनीं. वकिली सोडून आलेल्या या गृहस्थांनीं 1897 सालीं मुंबईंत लालबाग येथें एका साध्या शेडमध्यें कुलुपें करण्यास आरंभ केला. स्प्रिंग हा कुलुपांतील नाजूक अवयव. ती मोडली कीं खरी किल्लीही निरुपयोगी. म्हणून स्प्रिंगेवांचून चालणाऱ्या कुलुपाचें पेटंट त्यांनीं घेतलें. कुलूप चोराला अडवितें तसेंच मोडल्यावर धन्यालाही अडवितें, हा विचार त्यामागें दिसतो.

आज अधिक सुरक्षित म्हणून विकलीं जाणारीं कुलुपें बहुधा दुसऱ्या जातीचीं, म्हणजे पिनांचीं असतात. त्यांची मूळ कल्पना प्राचीन मिसरांतील लाकडी कुलुपाची; अमेरिकेंत लायनस येल यानें 1861 च्या सुमारास तिला लहानशा पितळी नळींत बसविलें. आतांच्या कुलुपांत फसव्या खांचांच्या पिना असतात, बाजूनें आणखी एक अडसर असतो आणि भोंक पाडणाऱ्या सामत्याला दाद न देणारी कठीण पोलादाची चकती असते. येथें बोटांची विद्या बहुधा हरते. मग कारागीर उगाच वेळ दवडीत नाहीं. त्या विशिष्ट कुलुपाची रचना ठाऊक असेल तर नेमक्या जागीं भोंक पाडून आंतील नळी निकामी करतो आणि नवी बसवून देतो. दार वांचतें, चौकट वांचते. खर्च होतो तो नळीचा. विजेरीवर चालणाऱ्या कुलुपांचें तर याहून सोपें असतें. पुष्कळ नमुन्यांना बाहेरून नऊ व्होल्टची विजेरी टेकविण्यास दोन टोकें ठेवलेलीं असतात. माहितीपत्रक न वांचल्यामुळें कितीतरी मंडळी दाराबाहेर ताटकळतात!

पण वर्तमानपत्रांतील घरफोडीच्या बातम्या पाहाव्या. “कडीकोयंडा तोडून” हेच शब्द तेथें वारंवार येतात. चोर कुलुपाशीं बुद्धिबळ खेळत नाहीं. हजारों रुपयांचें कुलूप, आणि त्याचा कोयंडा मात्र अर्ध्या इंचाच्या स्क्रूंनीं पोकळ चौकटींत ठोकलेला! लांब स्क्रू आणि भक्कम चौकट यांवर केलेला खर्च नव्या कुलुपाहून अधिक कामास येतो.

असें असूनही चोरी झाली कीं पहिली नजर किल्लीवाल्याकडे वळते. नांदेडच्या बाजूस हें काम करणाऱ्यांत शिकलगार शीख पुष्कळ आहेत. शस्त्रांना धार व झिलई देणें हा त्यांच्या पूर्वजांचा धंदा. शस्त्रांचे दिवस गेले, तेव्हां तेच हात बादल्या, कढया आणि किल्ल्या करूं लागले. अडल्या वेळीं ज्याला मध्यरात्रीं उठवून आणावयाचें, त्याच्याचकडे दुसऱ्या दिवशीं संशयानें पाहावयाचें, ही रीत न्यायाची नव्हे. त्याचें पोट एका गोष्टीवर चालतें: गांवांत त्याच्याविषयीं वाईट बोललें जाऊं नये. म्हणून तर तो शेजाऱ्याला साक्षीस उभा करतो.

लोह्याच्या त्या दारापाशीं अखेर कानस थांबते. काजळलेली किल्ली फिरते, कुलूप खाली येतें, मुलें आंत धांवतात. किल्लीवाला उंबरठ्याबाहेरच उभा राहतो. नवी किल्ली तो घरच्या बाईंच्या हातीं देतो, नमुन्याचा दुसरा तुकडाही मोजून परत करतो, आणि पेटी आवरूं लागतो.