यंत्रापुढील पहिला धडा

संगणकाच्या पहिल्या अभ्यासक्रमांत केवळ यंत्र शिकवितात, हा समज अपुरा आहे. १९६३ सालीं कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें आय.बी.एम. १६२० हें यंत्र आलें आणि विद्यार्थी फोर्ट्रान भाषेंत आज्ञा लिहूं लागले. एक स्वल्पविराम चुकला तरी काम अडे. माणूस अर्धें वाक्य ऐकून हेतु ओळखतो. यंत्रापाशीं तें औदार्य नाहीं. म्हणून प्रश्नाचे तुकडे पाडणें, त्यांचा क्रम लावणें आणि आपली चूक आपणच हुडकणें, हेंच तेथील खरें शिक्षण. आज अनेक महाविद्यालयांत फोर्ट्रानच्या जागीं पायथन आली. आज्ञा लिहून देणारीं यंत्रेंही निघालीं. परंतु त्यांनीं लिहिलेलें बरोबर कीं चूक, हें ज्याला पारखावयाचें आहे, त्याला हा पहिला धडा चुकवितां यावयाचा नाहीं.