स्मृतिपट्टीचा वेग आणि मदरबोर्डचा मेळ

(ग्रंथालय सेवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ग्रंथालयांतील संगणक मंद चालतात, ही आपली तक्रार रास्त आहे. त्यावर स्मृती, म्हणजे रॅम, वाढविण्याचा उपाय सुचविला जातो. तो योग्यच आहे. परंतु तो करताना आमच्या हातून झालेली चूक प्रथम सांगतो. मागणीपत्रात आम्ही ‘रॅम, ८ जीबी’ एवढेच लिहिले. उत्तम प्रतीची नवी पट्टी आली, पण ती खोबणीत बसेना. संगणक होता डीडीआर ३ पिढीचा आणि पट्टी डीडीआर ४ ची. दोष विक्रेत्याचा नव्हता, आमच्या अपुऱ्या मागणीचा होता.

टेबलावरील संगणकाच्या डीडीआर ३ पट्टीला २४० टोके असतात, तर डीडीआर ४ ला २८८. २०२० साली प्रमाणित झालेल्या डीडीआर ५ लाही २८८ च टोके आहेत. मात्र तिची खाच निराळ्या जागी आहे. या तीन पिढ्यांचा प्रमाण विद्युतदाबही अनुक्रमे १.५, १.२ आणि १.१ व्होल्ट असा वेगळा आहे. म्हणून न बसणारी पट्टी जोर लावून कोणीही बसवू नये.

पिढी जुळल्यावर वेगाचा विचार येतो. डीडीआर ४ पट्टीवरील ३२०० या आकड्याचा अर्थ असा, की सेकंदाला ३२० कोटी वेळा माहितीची देवघेव होऊ शकते. प्रत्येक खेपेस ८ बाइट जातात. म्हणजे सेकंदाला २५,६०० मेगाबाइट. त्याच पट्टीवर २५६०० हा आकडा आढळतो, तो यामुळेच.

तथापि हा वेग पट्टीच्या क्षमतेचा झाला. प्रोसेसर व मदरबोर्ड यांची मर्यादा २६६६ असेल, तर ३२०० ची पट्टीही सामान्यतः २६६६ नेच चालते. २४०० च्या जुन्या पट्टीशेजारी ३२०० ची नवी बसविली, तर दोन्ही २४०० वर येतात. जोडीतला एक बैल संथ असला की दुसऱ्यालाही त्याच्याच चालीने चालावे लागते, तसाच हा प्रकार. काही महागड्या पट्ट्यांचा छापील वेग तर संगणकाच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, बदल केल्याखेरीज मिळतच नाही.

म्हणून खरेदीपूर्वी मदरबोर्डची माहितीपुस्तिका पाहावी. मागणीपत्रात पिढी, वेग, क्षमता आणि संगणक टेबलावरचा की लॅपटॉप, या चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. नोंदी व पत्रव्यवहाराच्या कामात ४ जीबीचे ८ जीबी केल्याने पडणारा फरक केवळ वेगाचा आकडा वाढवून पडत नाही, हेही ध्यानी घ्यावे.

आपल्या ग्रंथालयांचे अनुदान मर्यादित आहे. न वापरता येणाऱ्या वेगावर खर्च झालेला रुपया हा पुस्तकांच्या खरेदीतून वजा झालेला रुपया असतो, एवढे स्मरणात ठेवावे, ही विनंती.